विकीवर पानं शेकडो, तरी प्रश्न तेच: सॉफ्टवेअर टीममधलं ज्ञान टिकतं कशावर?

पाणपोई (मंगळ, २१:१२)

नॉलेज मॅनेजमेंटवरचं कुठलंही सादरीकरण उघडा, यादी तीच असते: संस्कृती, नेतृत्व, तंत्रज्ञान, प्रक्रिया, मोजमाप. यादी चूक नाही, पण दहा जणांची टीम सांभाळणाऱ्याला सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून हा धागा काढतोय. सॉफ्टवेअरपुरतंच बोलू, सर्व्हिस कंपन्या आणि प्रॉडक्ट कंपन्या, दोन्ही.

सुरुवात वेळेच्या हिशेबापासून करतो. सर्व्हिस कंपनीत आठ तास टाइमशीटवर कुठल्या ना कुठल्या कोडला लावावे लागतात. क्लायंटला बिल होणारा कोड असतो, ट्रेनिंगचा असतो, रजेचा असतो. पान लिहायचा कोड बहुतेक ठिकाणी नसतोच. मग लिहिणं एकतर सगळे घरी गेल्यावर होतं, नाहीतर ऑडिटच्या आधी दोन दिवसांत उरकलं जातं. असं पान लगेच ओळखू येतं. काय बांधलं ते त्यात असतं. का बांधलं आणि कुठे अडलं ते नसतं, कारण लिहायला बसेपर्यंत सहा महिने उलटलेले असतात.

यावर उपाय एस्टिमेट देतानाच करावा लागतो. प्रत्येक स्टोरीत, म्हणजे कामाच्या छोट्या तुकड्यात, लेखनाचा वेळ धरायचा. दोन दिवसांच्या कामाला साधारण तासभर पुरतो. वेगळी ‘डॉक्युमेंटेशन स्टोरी’ स्प्रिंटच्या (कामाच्या ठरावीक फेरीच्या) शेवटी ठेवली की ती पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जाते, आणि तिथून आणखी पुढे. संबंधित पान बदललेलं असल्याशिवाय पुल रिक्वेस्टला (कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीला) मंजुरी नाही, एवढा एक नियम पाळला तरी फरक पडतो.

दुसरा मुद्दा भाषेचा. पुण्यातल्या टीममध्ये अडचण सुटते मराठी-हिंदीत, लिहायची मात्र इंग्रजीत. जो माणूस खुर्ची ओढून पाच मिनिटांत सगळं नीट समजावतो, तोच कोऱ्या पानासमोर अडतो. व्याकरण चुकेल, क्लायंट वाचेल, ही धास्ती असते. इथे कामाची वाटणी उलटी करावी: ज्याला येतं त्याने सांगायचं, ज्याने आत्ताच शिकून घेतलं त्याने लिहायचं. नवख्याला आपण कुठे अडखळलो ते ताजं आठवत असतं, जुन्याला ती पायरी दिसतच नाही. मग जुन्याने वाचून दुरुस्त करावं. वाक्यं तुटक असली तरी चालतील, कमांड आणि तिचं आउटपुट मात्र जसंच्या तसं हवं.

बाकीच्यांनी आपापल्या क्षेत्रातलं लिहावं.

रात्रपाळी (मंगळ, २२:०५)

वेळेच्या मुद्द्याला +१. मी रनबुकबद्दल, म्हणजे बिघाड झाला की काय करायचं याच्या पायऱ्यांच्या पानाबद्दल लिहितो, कारण माहिती हाताशी नसण्याची किंमत तिथे तासांत आणि जीबीत मोजता येते.

कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची घटना बहुतेकांना ‘चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं’ एवढीच माहीत असते. त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेला अहवाल सावकाश वाचण्यासारखा आहे. दुय्यम डेटाबेसचं रेप्लिकेशन (मुख्य डेटाबेसची ताजी नक्कल ठेवणं) मागे पडलं होतं आणि ते नव्याने उभं करायचं होतं. त्यासाठी पीजी बेसबॅकअप ही डेटाबेसची पूर्ण प्रत घेणारी कमांड चालवली, आणि ती काहीही न दाखवता नुसती थांबून राहिली. डेटा डिरेक्टरीत काहीतरी उरलंय म्हणून ती अडतेय, असं वाटून इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायला गेला. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता.

आता यात ज्ञान कुठे कमी पडलं ते बघा. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ती कमांड गप्प बसते, हे तिचं नेहमीचंच वागणं. ते नंतर दुसऱ्या एका इंजिनिअरच्या लक्षात आलं, आणि तो त्या वेळी तिथे नव्हता. रनबुकात ते नव्हतं, कमांडच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हतं. ‘इथे स्क्रीन बराच वेळ कोरी राहते, तसंच राहू द्या’ एवढी ओळ त्या रात्री समोर असायला हवी होती.

बॅकअपचंही तसंच. रोजचा डम्प (डेटाची प्रत) पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीच्या साधनाने घेतला जात होता आणि डेटाबेस होता ९.६ चा, त्यामुळे डम्प अर्धवट सोडून थांबत होता. तसं कळवणाऱ्या मेल डीमार्कच्या (मेल खरी कुणाकडून आली ते पाहणाऱ्या) तपासणीत नाकारल्या जात होत्या. शेवटी कामी आला तो सहा तास आधी दुसऱ्याच कारणासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत). अहवालात कारणांची साखळी जिथे संपते तिथे लिहिलंय की बॅकअप तपासायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

म्हणून रनबुकात नुसत्या कमांड लिहून भागत नाही. प्रत्येक पायरीला कमांड, ती कुठल्या होस्टवर चालवायची, किती वेळ लागतो, बरोबर चाललं तर काय दिसतं आणि तसं दिसलं नाही तर काय करायचं, एवढं हवं. सगळ्यात वरच्या ओळीत लक्षण लिहायचं, म्हणजे अलर्टचा मजकूर जसा येतो तसाच. कुठल्या क्षणी थांबायचं आणि फोन कुणाला करायचा, हेही हवं. फोन नंबर माणसाचा देऊ नका, ऑन-कॉल यादीची (त्या वेळी फोन घ्यायची पाळी कुणाची त्या यादीची) लिंक द्या. माणसं टीम बदलतात. अलर्टमध्येच रनबुकची लिंक टाकली नाही तर पहाटे तीनला ते कुणी शोधत बसत नाही.

आणि रनबुक लिहिणाऱ्याने स्वतः तपासायचं नाही. तिमाहीतून एकदा स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ते टीममधल्या सगळ्यात नवीन माणसाच्या हातात द्यायचं आणि लिहिणाऱ्याने शेजारी तोंड मिटून बसायचं. नवा माणूस जिथे मान वर करून बघेल, तिथे एक ओळ कमी आहे असं समजायचं.

टाचण (बुध, १०:३०)

वाचनखूण साठवली. माझा प्रांत लेखनाचा, त्यामुळे पानं का सापडत नाहीत यावर.

पहिलं कारण शीर्षक. ‘पेमेंट मॉड्यूल नोट्स फायनल २’ या नावाचं पान लिहिणाऱ्याशिवाय कुणालाच सापडणार नाही. ‘पेमेंट गेटवेकडून ५०४ आल्यास काय तपासायचं’ हे सापडेल, कारण शोधणारा तेच शब्द टाइप करणार आहे. एरर मेसेजचा स्क्रीनशॉट चिकटवण्याची सवय फार नडते. बऱ्याच विकींच्या सर्चला चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत. मेसेज मजकूर म्हणून पानात पेस्ट करावा.

दुसरं कारण, एकाच पानात चार वेगवेगळी कामं कोंबलेली असतात. नवख्याला हात धरून शिकवणारा धडा, ठरावीक काम करायची कृती, नुसते तपशील बघायचा तक्ता आणि ‘हे असं का आहे’ याचं स्पष्टीकरण, ही चार वेगळी पानं. रात्री सर्टिफिकेट बदलणाऱ्याला आर्किटेक्चरचा इतिहास वाचायला लावू नये.

या चारांत ‘का’ सगळ्यात आधी हरवतं. कोड वाचून काय चाललंय ते कळतं. दुसरा पर्याय का नाकारला ते कोडमध्ये नसतं. त्यासाठी निर्णयनोंदी ठेवाव्यात. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेला साचा अजून पुरतो: शीर्षक, स्थिती, संदर्भ, निर्णय, परिणाम. एक-दोन पानांत मावेल इतकीच नोंद, अनुक्रमांक घालून, कोडच्याच रिपॉझिटरीत. निर्णय बदलला तर जुनी नोंद खोडायची नाही. स्थितीत ‘रद्द, पाहा क्र. १४’ असं लिहून नवी करायची. ‘परिणाम’ या भागात तोटेही लिहायचे, लोक नेमके तेच गाळतात.

काय काढून टाकायचं ठरलं होतं, त्याची नोंद तर आणखी महत्त्वाची. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. नव्या कोडने जो फ्लॅग (सुविधा चालू-बंद करायची खूण) वापरला तो पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या सुविधेचा होता. तिचा वापर २००३ मध्येच बंद झाला होता, पण कोड सर्व्हरवर तसाच होता, आणि आठव्या सर्व्हरवर तोच जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान. डिप्लॉयमेंट दुसऱ्या माणसाने तपासावी असा लेखी नियमही नव्हता. फ्लॅग, कॉन्फिग, जुने क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) यांची एक यादी असावी आणि प्रत्येकापुढे मालक आणि काढून टाकायची तारीख असावी.

अबोली (बुध, १३:४८)

चांगला धागा. मी बक्षिसांबद्दल लिहिते, कारण ‘लोक लिहीत नाहीत’ म्हटलं की व्यवस्थापनाला पहिली कल्पना हीच सुचते.

इन्फोसिसचं उदाहरण संशोधकांनी तपशिलात अभ्यासलंय. त्यांच्या के-शॉप या पोर्टलवर लेख, कोडचे तुकडे, प्रकल्पांचे अनुभव टाकणाऱ्याला ‘नॉलेज करन्सी युनिट’ मिळायची. २००१ च्या सुमारास यामुळे लेखांचा पूर आला. पण तपासणारे होते तेवढेच, आणि ते आपलं रोजचं काम सांभाळून तपासत होते. दर्जाबद्दल शंका निघाल्या, गुण जमवण्यासाठी लिहिलं जातंय असं वाटू लागलं. मग पद्धत बदलून वाचणाऱ्याला किती उपयोग झाला याला वजन दिलं गेलं.

हे जवळपास सगळीकडे होऊ शकतं. प्रत्येक पानाला गुण दिलेत की एका पानाची पाच होतात. त्याउलट झेरॉक्सच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचं उदाहरण बघा. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्याबरोबर हिंडून पाहिलं, की मॅन्युअलमध्ये नसलेले बिघाड ते चहा-नाश्त्याला एकमेकांना किस्से सांगत सोडवतात. पुढे ‘युरेका’ नावाच्या यंत्रणेत अशा युक्त्या साठवल्या गेल्या. युक्तीवर लिहिणाऱ्याचं नाव असायचं आणि जाणकार सहकारी ती तपासून मगच पुढे पाठवायचे. आपल्या धंद्यातल्या माणसाने ‘तुझी युक्ती चालली’ म्हणणं, हीच तिथली पावती होती.

म्हणून टीमला सुचवण्यासारखं असं: वार्षिक मूल्यमापनात ‘किती पानं लिहिली’ हा रकाना नको. ‘कुणाचं काम तुमच्या पानामुळे झालं’ असं विचारा आणि दोन उदाहरणं मागा. मॅनेजरने स्वतः चॅनेलवर प्रश्न विचारावा आणि उत्तर म्हणून आलेल्या पानाची लिंक तिथेच टाकावी. मॅनेजर खासगी मेसेजवर विचारतो तेव्हा सगळी टीम खासगीतच विचारते, आणि तेच उत्तर दहा वेळा टाइप होतं.

बाकी, प्रत्येक पानाला मालक आणि ९० दिवसांनी तपासणीची आठवण, एवढं केलं तरी जुन्या पानांचा प्रश्न बराच सुटतो.

रात्रपाळी (बुध, १४:२०)

@अबोली, बक्षिसांबद्दल सहमत, ९० दिवसांबद्दल नाही. मालकाच्या नावावर चाळीस पानं असतात, एकाच सकाळी चाळीस आठवणी येतात आणि तो न वाचता ‘तपासलं’ दाबत जातो. पानावर ताजी तारीख चढते आणि मजकूर जुनाच राहतो. हे तारीख नसण्यापेक्षा वाईट, कारण आता वाचणारा विश्वास ठेवतो.

सपोर्टच्या क्षेत्रात केसीएस नावाची पद्धत १९९० च्या दशकापासून चालत आलीये. तिच्यात वापर हीच तपासणी. टिकेट (नोंदलेली तक्रार) सोडवताना ज्याने पान उघडलं, त्याने चूक दिसली तर तिथल्या तिथे सुधारायची, किंवा निदान खूण करायची. तेवढा अधिकार सगळ्यांना द्यावा लागतो. ‘फक्त मालकच बदलू शकतो’ अशी परवानगी ठेवली की हे बंद पडतं.

टाचण (बुध, १५:०२)

दोन्ही लागतं. रोज वापरात असलेलं पान वापरणारेच सुधारतात, त्याला कॅलेंडर नको. पण वर्षातून एकदाच लागणारी पानं असतात: सर्टिफिकेट आणि डोमेनचं नूतनीकरण, वर्षअखेरीचा जॉब, डीआर साइटवर (आपत्तीत वापरायच्या पर्यायी केंद्रावर) जाण्याची कृती. ती कुणी उघडतच नाही, त्यामुळे चुकलेली आहेत हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं. अशी पंधरा-वीस पानं निवडून फक्त त्यांनाच तारीख लावा, आणि तपासणी म्हणजे वाचणं नव्हे, करून बघणं. उरलेली जी पानं वर्षभर एकदाही उघडली गेली नाहीत, ती अर्काइव्हमध्ये हलवा आणि सर्चमधून काढा. पुसू नका.

अबोली (बुध, १५:४०)

पटलं. ९० दिवसांची सूचना मागे घेते, टाचण यांची विभागणी जास्त चांगली आहे.

उंबरठा (बुध, २२:५५)

केटीबद्दल (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं) कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लांबलचक प्रतिसाद देतोय. आपल्याकडे नोटीस पिरियड साधारण ६० किंवा ९० दिवसांचा, आणि तरीही केटी शेवटच्या आठवड्यात उरकली जाते. कारणं ठरलेली. जाणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत रिलीजचं काम दिलेलं असतं. जागेवर येणारा माणूस मिळालेलाच नसतो, त्यामुळे केटी घेतो भलताच कुणीतरी, आणि तो पुढे तिसऱ्याला देतो.

६० दिवसांचं वेळापत्रक असं लावता येतं. पहिल्या आठवड्यात एकही सेशन नको, फक्त यादी. जाणाऱ्याला ‘तुला काय माहीत आहे ते लिही’ म्हटलं तर तो मॉड्यूलची नावं लिहील. त्याऐवजी गेल्या वर्षभरात त्याने बंद केलेली टिकेटं काढा, आणि गिट शॉर्टलॉग (कुणी किती बदल केले ते दाखवणारी कमांड) फोल्डरनिहाय चालवून कुठल्या भागात त्याचंच नाव एकटं दिसतंय ते बघा. तोच खरा अभ्यासक्रम. सोबत एक वेगळी यादी: त्याच्या नावावरची खाती, लायसन्स, एपीआय टोकन (प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत प्रवेश देणाऱ्या चाव्या), आणि त्याच्या लॅपटॉपवर चालणारी स्क्रिप्ट. माणूस गेल्यावर आयटी त्याचं खातं बंद करतं आणि त्या रात्री रिपोर्ट यायचा थांबतो, तो याच यादीतल्या वस्तूमुळे.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात नव्याने शेजारी बसून बघायचं आणि लिहायचं. पाचव्यापासून उलट: कीबोर्ड नव्याकडे, जुना फक्त बघणार. याला रिव्हर्स केटी म्हणतात आणि नेमकी हीच वेळ नसल्याचं सांगून गाळली जाते. आठव्या आठवड्यात जुन्याला दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर बसवा, फोन न करता काम चालवा, आणि जे अडेल ते नोंदवून उरलेल्या दिवसांत विचारून घ्या.

सेशन रेकॉर्ड करून ठेवण्यावर भिस्त ठेवू नका. चाळीस तासांची रेकॉर्डिंग कुणीही पुन्हा बघत नाही, त्यात शोधता येत नाही. दहा मिनिटांचा एक विषय, प्रश्नाच्या रूपात शीर्षक, खाली लिहिलेल्या पायऱ्या, असं केलं तर बघितली जाते.

विचारायचे प्रश्नही बदला. ‘हे कसं चालतं’ या प्रश्नाला सगळं सुरळीत असतानाचं उत्तर मिळतं. ‘हे शेवटचं कधी बंद पडलं, तुला कशावरून कळलं, आधी काय बघितलंस, कुठल्या मेसेजकडे तू दुर्लक्ष करतोस आणि का’ असं विचारलं की खरी माहिती बाहेर येते. लॉगमधली कुठली लाल ओळ निरुपद्रवी आहे, हे कुठल्याच पानावर नसतं.

पाणपोई (गुरु, ०९:१५)

@उंबरठा, फार उपयोगी. पण काही गोष्टी विचारूनही बाहेर येत नाहीत, त्यांचं काय?

उंबरठा (गुरु, ११:४०)

त्या बरोबर काम करूनच येतात. मात्सुशिता (आताची पॅनासोनिक) कंपनीच्या ब्रेड मशीनचं उदाहरण या विषयात नेहमी देतात, ते यासाठीच. १९८० च्या दशकात त्यांचं यंत्र कणीक नीट मळत नव्हतं. इकुको तानाका या सॉफ्टवेअर डेव्हलपरने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकाऊ म्हणून काम केलं, आणि तो कणीक ताणताना पीळही देतो हे तिच्या लक्षात आलं. मग यंत्राच्या आत कंगोरे बसवले गेले.

नासाचंही तसंच. चांद्रमोहिमांच्या सॅटर्न ५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाची ड्रॉइंग हरवली, असं सांगतात ते खरं नाही, ती आहेत. पण त्या काळच्या वेल्डरनी आणि मेकॅनिकनी प्रत्येक इंजिनावर हाताने जे बदल केले, ते ड्रॉइंगवर नव्हते. त्यामुळे मार्शल केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी जपून ठेवलेलं इंजिन खोलून अभ्यासलं आणि २०१३ मध्ये त्याचा गॅस जनरेटर पुन्हा पेटवून पाहिला.

आपल्या कामात याचं रूप म्हणजे पेअर प्रोग्रामिंग (दोघांनी मिळून एकाच कोडवर काम करणं) आणि ऑन-कॉलची जोडी. ज्या भागात एकाच माणसाचं नाव दिसतं, त्या भागातलं पुढचं छोटं काम मुद्दाम दुसऱ्याला द्या आणि पहिल्याला फक्त रिव्ह्यूला ठेवा. दुप्पट वेळ लागेल, तो एस्टिमेटमध्ये धरा. हे माणसाने राजीनामा द्यायच्या आधी करायचं असतं.

कोरापाट (गुरु, १६:२२)

आमच्याकडे आता विकीवर एआय बॉट बसवायचं चाललंय. ‘पानं नीट करायची गरज नाही, बॉट शोधून देईल’ असा सूर आहे. याबद्दल काय वाटतं?

टाचण (गुरु, १७:१०)

बॉट शब्दांची अडचण सोडवतो. तुम्ही ‘लॉगिन’ म्हटलं आणि पानात ‘ऑथेंटिकेशन’ असलं तरी त्याला सापडतं, हा खरा फायदा. पण दोन पानांत दोन टाइमआउट लिहिलेले असतील, एकात ३० सेकंद आणि एकात ६०, तर तो त्यातला एक ठामपणे सांगेल. माणूस पानाची अवस्था बघून सावध होतो, बॉटच्या उत्तरात ती दिसत नाही.

बसवण्याआधी तीन गोष्टी करा. चॅनेलवर खरोखर विचारले गेलेले ५० प्रश्न काढा, त्यांची बरोबर उत्तरं जाणकाराकडून लिहून घ्या आणि बॉट त्यावर तपासा. त्यात दहा प्रश्न असे घाला ज्यांचं उत्तर विकीवर नाही, आणि तो ‘माहिती नाही’ म्हणतो का ते बघा. प्रत्येक उत्तराखाली मूळ पानाची लिंक आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसू द्या. आणि परवानग्या: जे पान विचारणाऱ्याला उघडता येत नाही, त्यातला मजकूर बॉटनेही सांगता कामा नये. हे अनुक्रमणिकेच्या पातळीवर तपासावं लागतं, उत्तर तयार झाल्यावर गाळून उपयोग नाही.

अबोली (गुरु, १७:५५)

शेवटच्या मुद्द्याला जोडून. सर्व्हिस कंपनीत एका क्लायंटच्या कामातून शिकलेलं दुसऱ्याच्या टीमला द्यायचं तर करार आड येतो, आणि भीतीपोटी मग काहीच दिलं जात नाही. पद्धत ठरवून घ्या. क्लायंटचं नाव, होस्टनेम, आयपी, स्कीमातली नावं, आकडे आणि स्क्रीनशॉट काढायचे. उरतो तो बिघाडाचा नमुना आणि उपाय. त्या क्लायंटच्या टीमबाहेरच्या एकाने वाचून ‘हा कुणाचा प्रकल्प ते ओळखता येत नाही’ असं सांगितलं की कॉमन जागेत टाकायचं. क्लायंटने लिहून दिलेला बिझनेस लॉजिक मात्र कुठल्याही रूपात नाही.

पाणपोई (शुक्र, ०८:५०)

मोजायचं काय, तेवढं राहिलं. पानांची संख्या नको यावर सगळ्यांचं एकमत दिसतंय.

रात्रपाळी (शुक्र, ०९:३०)

चार आकडे, महिन्यातून एकदा. नव्या माणसाची पहिली पुल रिक्वेस्ट कितव्या दिवशी मर्ज झाली. एकाच कारणाची टिकेटं किती वेळा परत उघडली. किती घटनांत रनबुक उघडलं गेलं आणि त्यातल्या कितींत ते पुरलं. आणि सर्चमध्ये काहीच न सापडलेले शब्द कुठले. चौथा आकडा बहुतेक विकींच्या अ‍ॅडमिन पानावर मिळतो किंवा सर्च लॉगमधून काढता येतो. त्या यादीतले वरचे पाच शब्द घ्या. पान नसेल तर लिहा. असेल तर त्याच्या शीर्षकात तो शब्द घाला आणि पुढच्या महिन्यात तो यादीतून गेला का ते बघा.